आज पुन्हा मांझुकिच
दुपारी जेवून आडवा झालो आणि मोबाईलवर २०१८च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या फ्रान्स-क्रोएशिया फायनलच्या क्लिप्स बघत बसलो. फ्रान्सच्या ग्रीझमनची फ्री किक, क्रोएशियाच्या मारिओ मांझुकिचचं डोकं, आणि बॉल स्वतःच्याच जाळ्यात! वर्ल्ड कप फायनलमधला पहिलावहिला स्वयंगोल. चारच दिवस आधी इंग्लंडविरुद्ध १०९व्या मिनिटाला गोल मारून यानेच क्रोएशियाला फायनलला नेलं होतं. नंतर फ्रान्सच्या गोलकीपरच्या पायातून बॉल ढापून गोलही केला, पण ४-२ हरलेच बिचारे. २०१७ला युव्हेंटस या इटालियन क्लबकडून मारलेली ती अफाट उलटी किक, तीही चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या) हरलेल्या फायनलमधलीच. (२०१३ला बायर्न या जर्मन क्लबबरोबर तीच स्पर्धा जिंकला, मान्य.)

लेकीने विचारलं, "बाबा, हा हिरो की व्हिलन?"

म्हटलं, आधी पंखा लाव, मग सांगतो. अजून सांगितलेलं नाही.