हिंगोलीच्या बाजारातला हरिसिंग

औंढ्याला नागनाथाचं दर्शन उरकलं की बहुतेक यात्रेकरू माघारी फिरतात. मी हिंगोलीची एसटी धरली. हरिसिंग नावाचा ठग ज्या गावात प्रतिष्ठित व्यापारी म्हणून उजळ माथ्यानं वावरला, ते गाव मला पाहायचं होतं.

हिंगोलीत मोहल्ल्यांची नावं ऐकली तरी जुनी छावणी उभी राहते: रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. इथं निजामाच्या फौजेचा तळ होता, वर इंग्रज अधिकारी. एवढ्या बंदोबस्तात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ठगांच्या टोळीचा म्होरक्या राजरोस व्यापार करत होता.

निजामाच्या नोकरीतल्या मेडोज टेलरनं 1839 साली हे छापून ठेवलं. आपणही हरिसिंगशी व्यवहार केला होता, असं तो सांगतो. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघालाय, हे हरिसिंगला कळलं. तो थेट जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे गेला आणि मुंबईहून कापड आणायचंय म्हणून रीतसर परवाना मागितला. मिळाला. मग तो व्यापारी, त्याचे नोकर, जनावरं हाकणारे, सगळ्यांना त्यानं मारलं आणि तोच माल त्या परवान्यावर छावणीत आणून उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्यानं स्वतःच ही हकीकत सांगितली, तीही मोठी गंमत केल्यासारखी.

मला तो परवाना फार छळतो. वाटसरूंशी गोड बोलून सोबत करायची, विश्वास बसला की रुमालानं गळा आवळायचा आणि प्रेत पुरून टाकायचं, ही ठगांची रीत पुष्कळांना ठाऊक असते. पण इथं खून व्हायच्या आधीच लुटीच्या मालाला सरकारी कागद तयार होता. ते कापड कुणीतरी घासाघीस करून घेतलं असेल, शिंप्याकडे टाकलं असेल, सणाला अंगात घातलं असेल.

टेलर पुढे लिहितो की या टोळीनं छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून 100 यार्डांच्या आत अनेकांना मारलं आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम 500 यार्डांवर पुरलं. सदर बाजारात मी 100 यार्ड चालून पाहिले. एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला सहज ऐकू जाते.

"काय शोधायलात?" पेरूच्या गाड्यावरच्या काकांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेरू कापता कापता एवढंच विचारलं, "मेलेले कुठले होते? त्यांच्या घरी कुणी कळवलं का?"

माफीच्या साक्षीदारांनी खड्डे एकेक करून दाखवले, ते उकरताना टेलर तिथं हजर होता, एकेका खड्ड्यात कितीतरी जण निघाले. पण मेलेल्यांची नावं तो देत नाही. त्या व्यापाऱ्याचंही नाही. मारणाऱ्याचं नाव मात्र आज मलाही पाठ आहे, आणि याची मला खरोखर चीड येते. इंग्रजांनी ठगांचं प्रकरण फुगवलं, असं मानणारे इतिहासकार आहेत आणि त्यांचं म्हणणं विचारात घ्यायलाच हवं. तरी हिंगोलीतले हे खड्डे ऐकीव नाहीत, पाहणाऱ्यानं लिहिलेले आहेत.

हिंगोली, वसमत, कळमनुरी भागात कुणाच्या घरी जुन्या मोडी वह्या असतील, किंवा मुंबईला कापड आणायला गेलेला पूर्वज परतलाच नाही अशी आठवण सांगितली जात असेल, तर मला जरूर कळवा. मी वाचायला येईन.