गच्चीचे इन्सुलेशन: गळती नव्हती, थर्मल ब्रिज होता

वाढीव खोलीच्या स्लॅबवर एक्सपीएसचा (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या बोर्डांचा) थर पूर्ण झाल्याचे मी मागच्या नोंदीत मोठ्या समाधानाने लिहिले होते. त्यानंतर तीनच आठवड्यांत छताला आतून, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) रेषेत, वीतभर रुंदीचा ओलसर पट्टा उमटला आणि पुढचा सगळा मोकळा वेळ त्यानेच खाल्ला. काल रात्री त्याचे कारण निश्चित झाले: थर्मल ब्रिज, म्हणजे इन्सुलेशनला वळसा घालून उष्णता बाहेर जाण्याची वाट.

रचना तीच आहे: 150 मिलिमीटरचा स्लॅब, 1:80 उताराचा कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंगचा पडदा, त्यावर 75 मिलिमीटर एक्सपीएस, मग जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे कापड) आणि 50 मिलिमीटर गोट्यांची खडी. पडदा इन्सुलेशनच्या खाली असल्याने ऊन आणि तापमानाचे हेलकावे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणूनच हा उलटा क्रम मी निवडला होता. मात्र या रचनेत गळतीची शंका आली, की शोध घेण्यासाठी खडी आणि बोर्ड दोन्ही उचलावे लागतात.

मी तेच केले. कोपऱ्यातल्या दोन रांगा उचलल्या, पडद्याचा प्रत्येक सांधा तपासला, तात्पुरता बांध घालून 50 मिलिमीटर पाणी 48 तास साठवले. पाण्याची पातळी उतरली नाही, तरीही पहाटे पट्टा दिसायचा आणि दुपारी, वर पाणी जसेच्या तसे उभे असताना, तो वाळून जायचा. गळतीचा डाग असा वेळापत्रकाने येत-जात नाही, शिवाय तो भिंतीला इतका समांतर राहत नाही. खात्रीसाठी पट्ट्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटवून लावला. सकाळी पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला होते आणि स्लॅबकडची बाजू कोरडी होती. म्हणजे पाणी वरून येत नव्हते, खोलीतल्या हवेतूनच छतावर जमत होते.

मग मोजमापे घेतली. पहाटे खोलीत 22 अंश सेल्सिअस तापमान आणि 65 टक्के सापेक्ष आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन जमू लागते ते तापमान, सुमारे 15 अंश असतो. छताच्या मध्यभागी पृष्ठभाग 18.8 अंश होता, तर पॅरापेटखाली केवळ 13.5. (इन्फ्रारेड तापमापक चकचकीत पृष्ठभागावर चुकीचा आकडा दाखवतो, त्यामुळे आमच्या ऑइल पेंटच्या छतावर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावरच मोजावे.) एक्सपीएसची उष्णतावाहकता साधारण 0.034 आहे आणि काँक्रीटची 1.7 च्या आसपास, म्हणजे माझ्या 75 मिलिमीटरच्या बोर्डाइतका अडथळा काँक्रीटने द्यायचा असेल, तर त्याची जाडी पावणेचार मीटर लागेल. आणि मी तर बोर्ड पॅरापेटच्या पायाशी आणून थांबवले होते! स्लॅबशी एकसंध ओतलेला तो पॅरापेट, मोटारसायकलच्या इंजिनावरच्या धातूच्या पट्ट्या करतात त्याप्रमाणे, रात्रभर दोन्ही बाजूंनी उष्णता बाहेर टाकत होता.

एक्झॉस्ट पंखा चालवून आर्द्रता 55 टक्क्यांवर आणावी, हा सोपा उपाय अनेकांना सुचेल. त्याने दवबिंदू 12.5 अंशांवर येतो आणि थेंब दिसेनासे होतात, पण 13.5 अंशांच्या पृष्ठभागालगतची हवा तरीही 94 टक्के दमट राहते, आणि बुरशीला 80 टक्केही पुरतात. छताला आतून बोर्ड चिकटवण्याच्याही मी विरोधात आहे, कारण त्यामुळे काँक्रीट आणखी थंड होते आणि फटींतून वर गेलेली वाफ नजरेआड साचत राहते.

म्हणून उरलेल्या तुकड्यांनी दोन मीटर लांबीचा पॅरापेट आतून, बाहेरून आणि माथ्यावर 50 मिलिमीटर जाडीने मढवला आणि विटांनी दाबून ठेवला. तिसऱ्या पहाटे त्याच्याखाली 16.5 अंश मिळाले. तीन अंशांच्या या वाढीचा मला झालेला आनंद, ज्यांनी थर्मल ब्रिजशी झुंज दिली आहे, त्यांना समजेल. पंखा आणि हे आवरण एकत्र धरल्यास पृष्ठभागावरची आर्द्रता 77 टक्क्यांवर येते, म्हणजे सुरक्षित बाजूला, पण अगदी काठावर.

बोर्ड पुन्हा मागवताना एक धडा पाळणार आहे. पुरवठादाराने गेल्या वेळी एकमेकांवर बसणाऱ्या खाचेच्या कडांऐवजी सरळ कडांचे बोर्ड दिले आणि मी घाईत ते स्वीकारले. उलट्या रचनेत पावसाचे थंड पाणी सरळ सांध्यांतून खाली उतरते आणि स्लॅबची ऊब घेऊन जाते. या वेळी खाच पाहिल्याशिवाय माल उतरवून घेणार नाही.

हे लिहिता लिहिता मागच्या बाजूचा पॅरापेट अजून बांधायचा आहे, हे लक्षात आले. तोही काँक्रीटचाच करण्याचे ठरले होते, पण ते मी आता बदलतो आहे. तळाचा थर एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचा ठेवला, तर त्याची उष्णतावाहकता काँक्रीटच्या साधारण दशांश असल्याने तिथे उष्णतेचा पूल तयार होण्याआधीच तुटेल. ब्लॉक पाणी शोषतो, म्हणून पडदा त्याच्यावरून माथ्यापर्यंत न्यावा लागेल, आणि कठड्याचा भार पेलण्यासाठी मध्ये काँक्रीटचे छोटे खांब द्यावे लागतील. ते खांब पुन्हा पूलच होतील, पण सलग भिंतीपेक्षा फार लहान.

दोन पॅरापेट जिथे मिळतात, तो कोपरा आवरणानंतरही 14.6 अंशांवरच अडला आहे. तिथे स्लॅबची बाहेरची कड उघडी असल्याने बाहेरचे बोर्ड तिच्याखाली 300 मिलिमीटर उतरवून पाहणार आहे. तोपर्यंत त्या कोपऱ्यातली खडी गोळा करूनच ठेवली आहे आणि बोर्डांवर, ते पावसात तरंगू नयेत म्हणून, फरशा रचल्या आहेत.