चार पत्ते, एक इनबॉक्स

कर सल्लागार म्हणून सोलापुरात काम करताना माझ्याकडे ईमेलचे चार पत्ते जमले आहेत: स्वतःचा, कार्यालयाचा, अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या हिशेबाचा आणि आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा. हे चारही पत्ते मी थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमच्या ‘युनिफाइड फोल्डर्स’मध्ये एकत्र पाहते. यात मेल कुठेही हलत नाहीत. प्रत्येक मेल आपापल्या सर्व्हरवरच राहतो, आपल्याला फक्त एकत्रित यादी दिसते. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ची ११ तारीख आणि ३बीची २० तारीख जवळ आली, की ही एकच यादी वरून खाली वाचण्याची किंमत कळते.

खाते जोडताना सर्व्हरवरून मेल मिळवण्याच्या दोन पद्धतींपैकी पॉप नव्हे, आयमॅप निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉप मेल एका संगणकावर उतरवून घेते आणि सेटिंग तसे असेल तर सर्व्हरवरून काढूनही टाकते; मग कारखान्यातला लेखनिक तोच मेल शोधत बसतो. आयमॅपमध्ये मी फोनवर वाचलेला मेल त्याच्याकडेही वाचलेला दिसतो. अर्थात मी पुसलेला मेल त्याच्याकडूनही जातो, त्यामुळे सामायिक खात्यात डिलीटचे बटण जपून वापरावे लागते.

खरी काळजी घ्यावी लागते ती लिहिताना. आलेल्या मेलला उत्तर दिले तर ते सहसा ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून जाते. पण एकत्रित यादीत उभे राहून नवा मेल लिहायला घेतला, की मूळ ठरवलेले खाते पुढे येते. टॉवेलचे दरपत्रक परदेशी ग्राहकाला सोसायटीच्या सचिवांच्या सहीने जाणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून प्रत्येक खात्याला मी वेगळा रंग दिला आहे. ‘फ्रॉम’च्या चौकटीत कारखान्याचा निळा दिसल्याशिवाय माझा हात ‘सेंड’कडे जात नाही. प्रत्येक खात्याची सहीसुद्धा वेगळी ठेवली आहे.

एकत्रित इनबॉक्समध्ये स्पॅम येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ग्राहकाचा पहिलाच मेल तिकडे अडकलेला असू शकतो, म्हणून स्पॅमचे फोल्डर वेगळे उघडून पाहावेच लागते.

सोसायटीचे खाते मात्र आता मी एकत्रित इनबॉक्सच्या गुणधर्मांत जाऊन वगळले आहे. पाणी कधी येणार आणि टँकरचे पैसे कोणी द्यायचे, ही चर्चा रात्री जेवणानंतर वाचली तरी चालते.