फ्लेक्सवरचे ते दोन फोटो

माझं प्रेस आहे, ऑफसेट आणि फ्लेक्स दोन्ही, धुळे-जळगाव पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं रोज भेटतात आणि कुणाला कमीपणा आणायचा नाहीये. घर जनसंघाचं, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचं. वडिलांनी ट्रेडल मशीनवर धंदा सुरू केला तेव्हा दिव्याचा, म्हणजे जनसंघाच्या निशाणीचा, लाकडी ब्लॉक आमच्याकडे होता, तळहाताएवढा, शाईने काळाकुट्ट झालेला, तो अजून आहे. वडील सांगायचे की १९५७ ला सगळ्या देशातून जनसंघाचे फक्त चार खासदार निवडून आले, त्यातले एक अटलजी आणि एक आपल्या धुळ्याचे उत्तमराव पाटील. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पुढे १९८० साली भाजप स्थापन झाला तेव्हा महाराष्ट्राचे पहिले प्रदेशाध्यक्ष पण उत्तमरावच. तर खान्देशात हा पक्ष २०१४ च्या लाटेत आलेला नाही हे आधी सांगून ठेवतो, बाहेरच्या लोकांना तसं वाटतं म्हणून.

आता त्या दिवसाचं. १७ नोव्हेंबर २०२५, नगरपालिकेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख, सोमवार होता, तीन वाजेपर्यंतची मुदत. कितीतरी वर्षांनी पालिकेची निवडणूक लागलेली त्यामुळे इच्छुकांची गर्दी अशी की विचारू नका, राज्यात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची एकदमच लागली होती. तीन वाजेपर्यंत प्रेसमध्ये शुकशुकाट कारण कुणाला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळतो तेच कुणाला माहिती नाही, आणि साडेतीनला एकदम लोंढा. पॉम्प्लेट, स्टिकर, बिल्ले, मतदार चिठ्ठ्या, आणि प्रत्येकाला सगळं आजच पाहिजे. आम्हाला प्रत्येक कागदावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या टाकावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-क कलम आमच्या लायनीत पाठच असतं आणि पालिकेला पण निवडणूक आयोगाचा नियम त्याच धर्तीचा, त्यामुळे घाईत सुद्धा प्रकाशकाची सही घेतल्याशिवाय मी प्लेट लावत नाही. यावरून दर निवडणुकीला दोन-चार जण माझ्यावर चिडतात. चिडू देत.

सातच्या सुमाराला आमच्या पक्षाचा एका प्रभागाचा उमेदवार आला. चाळिशीचा असेल, प्लॉटिंगचा धंदा, आठवड्यापूर्वीच पक्षात प्रवेश झालेला, गमछा नवाकोरा. माणूस वाईट नाही हे मी आधीच सांगतो, कोरोनात याने स्वतःच्या गाडीने पेशंट धुळ्याला पोचवलेत आणि उन्हाळ्यात टँकर पण स्वतःच्या पैशाने दिलेत. मागच्या वेळी हाच दुसऱ्या पक्षाकडून लढला होता आणि त्याची फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर होती. ऑपरेटरने कोरल ड्रॉमध्ये तीच फाइल उघडली, हात जोडलेला फोटो तोच ठेवला, खालचा रंग बदलला, निशाणी बदलली, वरची नेत्यांची पट्टी काढून आमची लावली. पाच मिनिटांचं काम. मी मागे उभा राहून बघत होतो आणि खरं सांगतो छातीत काहीतरी लागलं, कारण वडिलांच्या काळात एक माणूस पक्षात आणायला दोन-दोन वर्षं त्याच्या घरी चहा प्यावा लागायचा.

वरच्या पट्टीत डावीकडे दोन छोटे गोल असतात, श्यामाप्रसाद मुखर्जी आणि दीनदयाळ उपाध्याय. आमच्या पक्षाच्या कुठल्याही फ्लेक्सला ते मी लावतोच. त्यानंतर दिल्लीचे, मुंबईचे, मग पालकमंत्री, आमदार, जिल्हाध्यक्ष, असा क्रम, आणि या क्रमावरून जेवढी भांडणं होतात तेवढी तिकिटावरून पण होत नसतील. त्याला त्याच्या काकांचा फोटो ‘प्रेरणास्थान’ म्हणून टाकायचा होता आणि जागा उरलेली नव्हती. तो स्क्रीनवर बोट ठेवून ऑपरेटरला आमच्या अहिराणीत म्हणाला, "ह्या दोन्ही कोन शेतस? काढी टाक त्यास्ले, काकास्ले बसाड तठे."

ऑपरेटर पोरगा बावीस वर्षांचा, त्याने माझ्याकडे बघितलं.

बाजूच्या बाकावर अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात जुने कार्यकर्ते, एसटीतून रिटायर, आणीबाणीत नाशिकच्या जेलमध्ये होते, स्वतः कधी कुठलं तिकीट मागितलं नाही. ते त्याच प्रभागाच्या मतदार यादीची झेरॉक्स घ्यायला आले होते. अण्णांची यादी बघण्यासारखी असते. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण, कोण सुरतला गेलं, कोण मयत, कुठली सून नवीन आलीय आणि तिचं नाव अजून माहेरीच आहे, कुणाचं मत पक्कं, कुणाला जाऊन भेटायचंय. लोक म्हणतील आता हे सगळं मोबाइल ॲपवर असतं. असतं, पण ॲपला त्या घरातल्या म्हातारीचा गुडघा दुखतो आणि तिला रिक्षा लागेल हे माहीत नसतं.

मला वाटलं अण्णा आता भडकणार. मी स्वतः भडकलो होतो, तोंडात शब्द आले होते की बाबा रे ज्यांच्या पक्षाचा एबी फॉर्म आज दुपारी खिशात घालून आलास ते दोघं कोण विचारतोस? पण अण्णांनी बाक थापटला आणि म्हणाले, "आठे बठ भाऊ. तुले सांगस."

आणि तो बसला. बाहेर गाडी चालू, चार पोरं हॉर्न वाजवताहेत, फोन वाजतोय, तरी बसला.

अण्णांनी भाषण नाही केलं. सांगितलं की हे श्यामाप्रसाद, नेहरूंच्या मंत्रिमंडळात मंत्री होते, पटलं नाही म्हणून राजीनामा दिला, १९५१ मध्ये जनसंघ काढला आणि काश्मीरसाठी गेले ते २३ जून १९५३ ला तिथे श्रीनगरला अटकेतच वारले. मंत्रीपद सोडून पक्ष काढला बरं का, मंत्रीपदासाठी नाही, हे वाक्य अण्णा दोनदा म्हणाले. मग दीनदयाळजी. वडील लहानपणीच गेले, आई पण गेली, मामाकडे वाढले, शिक्षणात हुशार, लग्न केलं नाही, घर केलं नाही, १९६५ ला मुंबईत चार दिवस भाषणं दिली एकात्म मानवदर्शनावर, डिसेंबर १९६७ मध्ये पक्षाचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये मुगलसराय स्टेशनजवळ रुळाकडेला त्यांचा मृतदेह सापडला. अध्यक्षपदाचे दोन महिने पण भरले नाहीत. "आणि त्यांचं एकच म्हणणं ध्यानात ठेव," अण्णा म्हणाले, "योजना असो का पैसा, सगळ्यात शेवटी जो उभा आहे त्याच्यापासून सुरू करायचं. अंत्योदय त्याला म्हणतात."

तो उमेदवार गप्प. मग हळूच म्हणाला, "माले कोनी सांगंच नही ना अण्णा."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कारण ते खरं होतं. त्याला प्रवेश देताना स्टेज होतं, गमछा होता, ढोल होता, फोटो होते, पेपरला बातमी होती, पण कुणी अर्धा तास त्याला शेजारी बसवून सांगितलं नाही की बाबा तू कुठल्या घरात येतोयस. आता यात त्याचा काय दोष? आमच्या जुन्या लोकांत एक सरसकट राग आहे की बाहेरचे आले आणि निष्ठावंत सतरंज्या उचलत राहिले, आणि तो राग मला कळतो, मी पण त्यातलाच. पण बाहेरून माणसं येऊच नयेत म्हटलं तर पक्ष वाढणार कसा? पक्षाचे जुने संघटक वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी समाजातली नवीन पोरं हुडकून आणली म्हणून तर शेठजी-भटजींचा पक्ष हा शिक्का पुसला गेला. ती पोरं पण बाहेरचीच होती की. फरक एवढाच की त्यांना आणल्यावर घडवलं, अभ्यासवर्ग झाले, मुक्काम झाले, गावोगाव फिरवलं, मग तिकीट. आता तिकीट आधी आणि घडवणं कधीच नाही.

परंपरा मानणारा पक्ष म्हणवतो ना आपण स्वतःला? मग परंपरा काय आपोआप येते का? बापाने पोराला शेजारी बसवून सांगावी लागते. सांगणारा थकला आणि ऐकणाऱ्याला बोलावलंच नाही की एका पिढीत सगळं संपतं, मग निशाणी राहते, रंग राहतो, सत्ता पण राहते काही वर्षं.

लांब कशाला जायचं, काँग्रेसचं बघा ना आपल्याच जिल्ह्यात. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, गांधीजी आले होते, नेहरू अध्यक्ष. एदलाबादहून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरहून, प्रतिभाताई पाटील लागोपाठ निवडून यायच्या, त्याच पुढे राष्ट्रपती झाल्या. मधुकरराव चौधरींसारखी शिकलेली, शिक्षणाचं काम करणारी माणसं होती, त्यांच्याबद्दल माझे वडील विरोधक असून आदराने बोलायचे. आणि २०२४ च्या विधानसभेला काय झालं, जळगाव जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा जागा महायुतीला गेल्या, फैजपूर ज्या रावेर मतदारसंघात येतं ती पण. तिथे फक्त आमच्या लाटेने झालं असं मी मानत नाही. त्या पक्षात निवडून येणारे होते, शिबिरं घेणारे आणि नव्या पोरांना काही सांगणारे संपले, आणि मग ज्या दिवशी निवडून येणारे पण दुसरीकडे गेले त्या दिवशी मागे कोणीच उरलं नाही. हे मी आनंदाने लिहीत नाहीये. हाच रस्ता आपल्या दारावरून पण जातो.

आमच्याकडे आज आकडे चांगले आहेत, विधानसभेला २०१४ ला १२२, २०१९ ला १०५, २०२४ ला १३२. पण त्याच २०२४ च्या लोकसभेला राज्यात २३ वरून ९ वर आलो तेव्हा काय झालं होतं? नंदुरबार गेलं. धुळ्यात पाच मतदारसंघांत आघाडी असून मालेगाव मध्यने सगळं फिरवलं आणि ३,८३१ मतांनी सीट गेली. ३,८३१ म्हणजे काय हो, आख्ख्या लोकसभेत. अण्णांसारखी पेन्सिलीची यादी ठेवणारी माणसं प्रत्येक बूथवर असती तर एवढी मतं सुरतहून, नाशिकहून, घरातल्या खाटेवरून आणता आली असती, माझं तरी हेच ठाम मत आहे. अशी माणसं पैशाने येत नाहीत. त्यांना पक्ष आपला वाटावा लागतो. नाथाभाऊंसारखा, म्हणजे एकनाथ खडसेंसारखा, तीस वर्षं त्याच मतदारसंघातून निवडून येणारा माणूस २०१९ ला तिकिटाविना राहिला आणि २०२० ला पक्षाबाहेर गेला, २०२४ ला जळगावचे तेव्हाचे खासदार उन्मेष पाटील गेले, या प्रत्येकाची कारणं वेगळी असतील आणि चूक कुणाची यात मी पडत नाही, पण गावातला साधा कार्यकर्ता प्रत्येक वेळी अर्धा तुटतो, हे प्रेसमध्ये बसून मी रोज बघितलंय. आधी ज्याच्या नावाचे फ्लेक्स त्याने स्वतः खांबावर चढून बांधले त्याच्याच विरोधात पुढच्या वेळी पॉम्प्लेट वाटायचे, कसं करणार माणूस?

तर त्या रात्री. ते दोन गोल जागेवर राहिले. काकांचा फोटो त्याने स्वतःच खाली घ्यायला लावला, कोपऱ्यात. मग अण्णांना विचारतो, माझ्या प्रभागातलं शेवटचं घर कुठलं? अण्णांनी यादी उघडली, झेरॉक्स अजून गरम होती, पानं उलटत शेवटच्या भागावर आले, नाल्यापलीकडची भिल्ल वस्ती. तिथल्या नावांपुढे अण्णांच्या खुणा सगळ्यात जास्त होत्या. बरेच जण ऊसतोडीला गेलेले, परत कधी येणार ते लिहिलेलं, कुणाकडे रेशन कार्ड नाही ते पण लिहिलेलं. तो बराच वेळ ते पान बघत राहिला. मला म्हणाला या पानाची अजून एक झेरॉक्स द्या. मी दिली.

नारळ मारुतीच्या मंदिरातच फोडला, तो फोडावाच लागतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचा ताफा न घेता हा अण्णांना गाडीवर मागे बसवून नाल्यापलीकडे गेला, मी दुकान उघडत होतो तेव्हा समोरूनच गेले दोघं. प्रचार संपेपर्यंत अण्णा त्याच्यासोबत होते. मतमोजणी लांबली, २१ डिसेंबरला निकाल लागला, तो निवडून आला. त्या वस्तीमुळे आला असं मी म्हणणार नाही, टँकर होते, नातीगोती होती, समोरच्यात फूट होती. पण जानेवारीत तो माझ्याकडे रेशन कार्डाच्या अर्जाचे नमुने छापायला आला, पालिकेच्या कामाचे नव्हे, आणि बिल रोख देऊन गेला. पावतीवर नाव कुणाचं टाकू विचारलं तर म्हणाला अण्णांचं टाका.

मी तालुकाध्यक्षाला त्याच आठवड्यात फोन केला होता. म्हटलं नवीन आलेल्या सगळ्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्या, निवडून आलेले, पडलेले, कालपरवा प्रवेश केलेले सगळे बसवा, प्रेसच्या वरचा हॉल मी देतो, खुर्च्या आहेत, जेवणाला भरीत-भाकरी माझ्याकडून, अण्णा आहेत, जळगावहून अजून दोन-तीन जुने लोक येतील. तो म्हणाला काका कल्पना चांगली आहे पण आधी जिल्हा परिषद होऊ द्या. मी म्हटलं जिल्हा परिषदेला पण असेच चेहरे येतील, तेव्हा त्यांना कोण सांगणार? अण्णांचं वय बघ. तारीख कळवतो म्हणाला. अजून कळवलेली नाही. मी दर सोमवारी फोन करतो आणि करत राहणार आहे, आणि खान्देशात दुसऱ्या तालुक्यात कुणी असा वर्ग घेणार असेल तर त्याची पत्रकं फुकट छापून देईन, फक्त प्रकाशकाची सही घेऊन या.