गाडीला कष्ट पडताना ऐकू आले पाहिजेत

एका सिनेमातल्या गाड्यांच्या पाठलागाचं रील आमच्याकडे साउंडसाठी आलं तेव्हा 6 मिनिटांत 280 कट होते आणि पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत टेम्प म्युझिक, म्हणजे संकलनापुरतं लावलेलं तात्पुरतं संगीत, ठोकलेलं होतं. सोबत दिग्दर्शकाची एका ओळीची सूचना: ‘बुलिट’सारखं वाटलं पाहिजे.

ही सूचना देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या जुन्या सिनेमातला गाजलेला गाड्यांचा पाठलाग फोनच्या स्पीकरवर पाहिलेला असतो. या दिग्दर्शकाने मात्र तो नीट, मोठ्या पडद्यावर, अनेकदा पाहिला होता. तरीही हातात आलेलं रील असं होतं. त्यामुळेच हे प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं, म्हणून एवढं सांगतो. पाठलागात जे ऐकू येतं त्यातलं जवळजवळ काहीच शूटिंगच्या वेळचं नसतं. तिथे कॅमेरा लावलेल्या गाडीचं इंजिन, वारा आणि वॉकीटॉकीवरची आरडाओरड एवढंच मिळतं. गाडीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करावा लागतो. एक माइक बॉनेटखाली, पंख्याच्या वाऱ्यापासून आणि तापलेल्या धातूपासून दूर. एक सायलेन्सरच्या तोंडापाशी, पण धुराच्या थेट झोतात नाही. तिथे आवाज 120 डेसिबलच्या पुढे जातो आणि साधा माइक फाटतो, म्हणून कमी संवेदनशील माइक, वर केसाळ आवरण. दोन माइक आत, ड्रायव्हरच्या कानाच्या उंचीवर. आणि रस्त्याच्या कडेला एक माणूस वेगळा रेकॉर्डर घेऊन उभा, जवळून जाणाऱ्या गाडीसाठी.

यात सगळ्यात जास्त गफलत होते ती भाराची. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की जो आवाज येतो तो पाठलागात कुचकामी असतो. इंजिनावर भारच नसतो, त्यामुळे आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) चटकन वर जातात आणि आवाज पोकळ येतो. तेच इंजिन चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, 3000 आरपीएमला ऐका. तोच स्वर, पण छाती भरलेली. म्हणून प्रत्येक गिअरमध्ये, चढावर आणि उतारावर, ठरावीक आरपीएमला स्थिर, मग सावकाश चढत, मग ॲक्सिलरेटर सोडून असं सगळं घ्यावं लागतं. हे केलं नाही की एकच रेकॉर्डिंग खाली-वर खेचावं लागतं, आणि दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे खेचलं की गाडी खेळण्यातली वाटू लागते. निर्मात्याला या दिवसाचा खर्च नेहमी ‘लायब्ररीत आवाज असतातच की’ असा वाटतो. असतात. ज्यांच्याकडे ती लायब्ररी आहे त्या सगळ्यांच्या सिनेमात तेच आवाज असतात.

आमच्या रीलमध्ये नायकाकडे जुनी व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरची गाडी होती, चार गिअरची मॅन्युअल. मागे लागलेली एसयूव्ही चार सिलिंडरची डिझेल. कानाच्या दृष्टीने ही जोडी उत्तम. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. म्हणजे 3000 आरपीएमला व्ही-8 सेकंदाला 200 वेळा पेटते आणि चार सिलिंडरवाली 100 वेळा. दोघींत बरोबर एका सप्तकाचं अंतर. डोळे मिटले तरी कोण कुठे आहे ते कळावं. पण संगीत बंद करून रील ऐकलं तेव्हा काहीच कळेना.

कारण सरळ होतं. संकलकाने प्रत्येक कटला त्या शॉटला शोभेल असा तात्पुरता आवाज लावला होता. बाहेरचा शॉट, गर्जना. आतला शॉट, दबलेली घरघर. चाकाचा शॉट, टायरची किंकाळी, तीही मातीच्या रस्त्यावर, जिथे टायर किंचाळत नाही, खरवडतो. 280 तुकडे, प्रत्येक मधूनच सुरू होणारा आणि मधूनच तुटणारा. एका शॉटमध्ये गाडी 5000 वर, पुढच्यात 2500 वर, त्याच्या पुढच्यात पुन्हा 5000. गिअर बदलण्याचे क्लोजअप मात्र भरपूर. दुसऱ्या गिअरमध्ये 3000 वरून 5500 पर्यंत चढायला ताकदवान गाडीलाही साधारण दोन सेकंद लागतात, मग क्लच, क्षणभर श्वास सुटल्यासारखी पोकळी, मग पुढच्या गिअरचा जड खालचा स्वर. या एका वाक्याला तीन सेकंद हवेत. सव्वा सेकंदाच्या शॉटमध्ये गाडी फक्त ओरडू शकते, बोलू शकत नाही.

मग ‘बुलिट’ लावला. आधी चित्राशिवाय नुसता आवाज, मग आवाजाशिवाय चित्र. 1968 चा सिनेमा, दिग्दर्शक पीटर येट्स, पाठलाग जवळपास 11 मिनिटांचा. सुरुवातीला दोन्ही गाड्या सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर एकमेकींचा माग काढत असतात तोवर लालो शिफ्रिनचं संगीत वाजतं. मग डॉज चार्जरचा ड्रायव्हर सीटबेल्ट लावतो, टायर धूर सोडतात आणि संगीत तिथेच संपतं. पुढे एकही संवाद नाही. फक्त नायकाची 6.4 लिटरची मस्टँग आणि 7.2 लिटरची चार्जर.

आवाज ऐकताना कळतं की त्या शहराच्या चढ-उतारांनी साउंडवाल्यांचं अर्धं काम करून ठेवलंय. चढावर इंजिन दाबलं जातं. माथ्यावर गाडी हवेत जाते, चाकं मोकळी होतात, भार सुटतो, आरपीएम उसळतात. मग खाली आपटताना स्प्रिंगांचा तळ लागतो. भार, सुटका, आघात. हे दर चौकाला होतं आणि दरवेळी शरीर ते ओळखतं.

आता या पाठलागातल्या लबाड्या बघा. तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा मागे पडते. चार्जरच्या चाकांवरून निखळलेल्या कॅप्स तिच्या चाकांपेक्षा जास्त भरतात. मस्टँगला गिअर चार, पण ध्वनिपटावर ती चढतच राहते, जणू सात-आठ आहेत. रस्ते एकमेकांना लागून नाहीत. शहराच्या एका टेकडीवर घेतलेलं वळण भलत्याच भागात निघतं. हे संकलन फ्रँक केलरचं आणि त्याला त्यासाठी ऑस्कर मिळालं. मिळायलाच हवं होतं. नकाशा तुटतो, गाडीवरचा ताण तुटत नाही. आमच्या रीलमध्ये उलटं होतं: नकाशा अचूक, पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा प्रत्येक शॉटमध्ये जागच्या जागी, आणि ताणाचा पत्ता नाही.

संकलकाचं म्हणणं होतं की संगीताशिवाय लय येत नाही. त्यावर ‘द फ्रेंच कनेक्शन’ (1971) दाखवावाच लागतो. ब्रुकलिनमध्ये वरून ट्रेन, खाली खांबांमधून पाँटिॲक गाडी. विल्यम फ्रीडकिनने हा पाठलाग कापताना सँटानाचं ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ डोक्यात ठेवलं होतं आणि लय तिथून आली असं त्याने स्वतः सांगितलंय. पण सिनेमात ते गाणं नाही. बांधकाम उभं राहिलं की परांची काढतात. आमच्याकडे परांचीवरच रोषणाई करतात.

त्याच सिनेमात काही शॉट्स सेकंदाला 24 ऐवजी 18 फ्रेम्सवर घेतलेत. म्हणजे पडद्यावर वेग एक तृतीयांशाने वाढतो, 60 ची गाडी 80 ची दिसते. हे करताना चौकटीत चालणारी माणसं नकोत, ती लगेच तुरुतुरु पळू लागतात आणि बिंग फुटतं. शिवाय जवळ काहीतरी सरकायला हवं: खांब, कुंपण, दगडी कडा. मोकळ्या मैदानात 150 ची गाडीही रांगते. स्पीलबर्गच्या ‘ड्यूएल’मध्ये (1971) कॅमेरा जमिनीलगत आणि कडा शेजारी आहे, म्हणून तो म्हातारा पीटरबिल्ट ट्रक राक्षसासारखा धावतो. त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा कधीच दिसत नाही, ट्रकलाच आवाज आहे. शेवटी दरीत कोसळतानाची त्याची डरकाळी स्पीलबर्गने पुढे ‘जॉज’मध्येही वापरली.

आमचं शूटिंग 60 च्या वेगाने झालेलं होतं, आणि खरी झटापट इथे झाली. गाडी जवळून निघून जाताना स्वर खाली घसरतो. 100 च्या वेगाला ही घसरण जवळपास तीन अर्धस्वरांची, म्हणजे कोमल गंधारावरून षड्जावर. 60 ला ती दोनही भरत नाही, शुद्ध रिषभापर्यंतसुद्धा पोचत नाही. दिग्दर्शकाला गंधार हवा होता. लावून दाखवला. गाडी खोटी वाटली, कारण डोळ्यांना 60 दिसत होते. हा हिशोब प्रेक्षक करत नाही, पण प्रत्येकाने आयुष्यभर रस्त्याच्या कडेला उभं राहून तो ऐकलेला असतो. उपाय वेगळाच निघाला: स्वराची घसरण खरी ठेवायची, पण गाडी येण्याआधीचा आवाज आणखी खाली न्यायचा आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा क्षण लहान करायचा. शांततेतून कानाजवळ यायला जितका कमी वेळ, तितकी गाडी वेगवान वाटते.

मग मुख्य काम. चित्राकडे न बघता, फक्त रस्त्याचा क्रम समोर ठेवून, सहा मिनिटांचा व्ही-8 चा एकसंध ट्रॅक बांधला: कुठे चढ, कुठे ब्रेक, कुठे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, कुठे क्लच घसरतो. एकही कट नाही. एसयूव्हीचा तसाच दुसरा. मग ते रीलखाली ठेवले आणि शॉटप्रमाणे फक्त जागा बदलली: आत, बाहेर, मागून, लांबून. इंजिन कुठेही तुटत नाही, आपण त्याच्याभोवती फिरतो. लगेच दिसलं की कोणते कट या ट्रॅकच्या मध्ये येतात. संकलक आधी चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. साउंडवाल्याने कापायला सांगणं हा आमच्या धंद्यात आगाऊपणाच. पण दोन दिवसांनी त्याने आपणहून 170 कटचं रील पाठवलं. ज्यांनी दोन्ही पाहिली त्यांना दुसरं जास्त वेगवान वाटलं. शॉट लांब झाले होते, गाड्या त्याच 60 वर होत्या.

जुन्या रस्त्यावरच्या सिनेमांचंही कोडं मला इथेच थोडं उलगडलं. त्यांत पाठलाग बऱ्याचदा नावालाच असतो. ‘व्हॅनिशिंग पॉइंट’मध्ये (1971) पांढरी डॉज चॅलेंजर गाडी डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघते, ‘टू-लेन ब्लॅकटॉप’मध्ये (1971) 1955 ची शेव्हरोले शर्यत लावते आणि शर्यत वाटेतच विरून जाते. माणसं फार बोलत नाहीत. इंजिन तानपुऱ्यासारखं मागे लागलेलं असतं आणि त्यावर रेडिओ, वारा, पेट्रोलपंपाची घंटी येऊन जातात. म्हणून ‘टू-लेन ब्लॅकटॉप’च्या शेवटी आवाजच काढून घेतला जातो, चित्र मंदावतं आणि फिल्म जळते, तेव्हा पोटात खड्डा पडतो. आता रस्त्याच्या दृश्याला हमखास गाणं लावतात आणि इंजिनाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली. मग तिथे गाडी असली काय, बैलगाडी असली काय.

दिग्दर्शकाचा शेवटचा आक्षेप मात्र मला अजून खोडता आलेला नाही. तो म्हणाला, ‘बुलिट’ पाहणारे स्वतः गिअर टाकायचे. आजचा प्रेक्षक ऑटोमॅटिक चालवतो, त्याला हा तुमचा दुसरा-तिसरा ऐकूच येत नाही. मी क्लोद लेलूशचा 1976 चा आठ मिनिटांचा लघुपट पुढे केला. पहाटेचं पॅरिस, एकच सलग शॉट, आणि फिल्मचं मोठं रीळ साधारण 11 मिनिटं चालत असल्याने तो तसा शक्य झाला. कॅमेरा होता मर्सिडीज 450 एसईएल 6.9 वर, म्हणजे ऑटोमॅटिक, मऊ चालीची गाडी. आवाज जोडला फेरारी 275 जीटीबीचा, पाच मॅन्युअल गिअरचा. त्या गिअरच्या आवाजावर लोक वर्षानुवर्षं फेरारीच समजत राहिले. दिग्दर्शक म्हणाला, तेही मॅन्युअलवालेच लोक. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निर्मात्याने शेवटच्या दोन मिनिटांवर संगीत परत चढवलं. पहिली चार मिनिटं वाचली, आणि त्यातली एसयूव्ही नजरेआड झाल्यावरची नऊ सेकंदं, जिथे फक्त तिचं डिझेल इमारतीपलीकडे फिरताना ऐकू येतं, ती कुणी कापली नाहीत. निर्मात्याला ती आवडली. का, ते त्याला सांगता आलं नाही.

पुढच्या कामात दोन्ही गाड्या विजेच्या आहेत. एकच गिअर, मोटरची शीळ वेगाबरोबर सरळ चढते. चढ असो की उतार, भारामुळे स्वर बदलतच नाही. भार दाखवायला उरतात टायर आणि वारा. म्हणून सध्या टायरच वेगवेगळे घेतोय: ओलं डांबर, कोरडं डांबर, काँक्रीटचे सांधे, खडी, वळणावर बाहेरच्या चाकावर आलेलं वजन. माइक मागच्या चाकाच्या मडगार्डच्या आत, चिखलापासून झाकून. खडीवरचं रेकॉर्डिंग आत्तापर्यंत सगळ्यात बोलकं निघालंय; ओल्या डांबराचं अजून नुसतं फुसफुसतंय.