आधी भडका कसला, ते पाहायचं

मंगळवार, रात्र

मला रोझेशिया आहे, म्हणजे चेहऱ्याची त्वचा वरचेवर लाल होऊन तापते आणि पुटकुळ्या येतात असा त्वचेचा आजार. संध्याकाळी चेहरा पुन्हा पेटला. आधी कानाच्या पाळ्या गरम झाल्या, मग गाल, मग नाकाचा शेंडा. आरशात पाहिलं तर फारसं काही दिसत नव्हतं. माझा रंग सावळा, त्यामुळे लाली अशी उठून दिसत नाही. गाल काळपट-तांबूस होतात आणि किंचित फुगतात, एवढंच. म्हणून मी आरशावर विसंबत नाही. हाताची उलटी बाजू आधी गालाला लावते, मग मानेला. दोन्हीकडच्या उष्णतेत फरक लागला की भडका आहे असं धरायचं. समोरच्या माणसाला काही दिसत नसतं आणि मला मात्र गाल विस्तवापाशी धरल्यासारखे वाटत असतात. या दुखण्यात माणूस एकटा पडतो तो इथेच. सावळ्या त्वचेवर रोझेशिया ओळखायलाच उशीर होतो, आणि कितीतरी जणांवर तोवर मुरमांचे उपचार चालू राहतात.

माझ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत काचेची एक छोटी पट्टी गालावर दाबून पाहिली होती. दाबलं की रक्त बाजूला सरकतं आणि तेवढा भाग फिका पडतो; पट्टी उचलली की रंग परत भरतो. मग भिंगातून नाकाच्या आजूबाजूला ब्लॅकहेड शोधले. सापडले नाहीत. मुरमांत ते असतात, रोझेशियात नसतात. नंतर खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी चालल्या आहेत. तिन्हींना एकच औषध लागू पडणार नाही."

आज गाल तापलेले असताना हे वाक्य पुन्हा आठवलं, कारण 'रोझेशियावर चांगलं औषध कोणतं' असं कुणी विचारलं की मला उत्तरच देता येत नाही. आधी सांगा, भडका कसला? अचानक तापून उठणारी लाली, की पुटकुळ्या, की कायमच्या दिसू लागलेल्या बारीक रक्तवाहिन्या, की डोळे? पूर्वी रुग्णाला चार ठरावीक प्रकारांपैकी एकात बसवायची रीत होती. 2017 मध्ये तज्ज्ञांनी ती सोडून चेहऱ्यावर प्रत्यक्ष काय दिसतंय त्यानुसार उपचार ठरवायला सुरुवात केली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

बुधवार

कालच्यासारखा भडका उठतो तेव्हा त्या तासाभरात औषधापेक्षा बाकीचंच जास्त करावं लागतं. उष्णतेपासून दूर जायचं, पंख्याखाली बसायचं, गार पाण्याचे घोट घेत राहायचं. गार पाण्यात पिळलेला मऊ कपडा गालावर ठेवायचा, चोळायचा नाही. बर्फ थेट लावायचा नाही, त्यानं त्वचा आणखी चिडते. चेहरा धुवायचाच असेल तर कोमट पाण्यानं. त्यानंतर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. रेटिनॉल, ग्लायकोलिक आम्ल, व्हिटॅमिन सी, स्क्रब हे सगळं भडका उतरेपर्यंत बंद. ज्यात मेंथॉल, कापूर किंवा निलगिरी आहे ते तर घरातच नको. लावल्यावर गार वाटतं, पण या त्वचेला ते झोंबतं.

लाली लवकर उतरवणारं एक औषध आहे, ब्रिमोनिडिनचं 0.33 टक्के जेल. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं. अर्ध्या तासात फरक दिसू लागतो आणि परिणाम साधारण बारा तासांपर्यंत टिकू शकतो. ऑक्सिमेटाझोलिनची 1 टक्का क्रीमही याच वाटेनं काम करते. पण परिणाम ओसरला की काहींची लाली आधीपेक्षा जास्त उसळून येते, आणि हे ब्रिमोनिडिनच्या बाबतीत बऱ्यापैकी ऐकू येतं. म्हणून पहिल्यांदा लावताना महत्त्वाचा दिवस निवडू नये. घरी असताना जबड्याजवळच्या छोट्या भागावर लावावं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. माझ्यापुरतं मी ठरवलंय की हे जेल अधूनमधूनच वापरायचं, रोज नाही. पुटकुळ्यांवर त्याचा काही उपयोग नाही आणि आजार जिथल्या तिथे राहतो.

शनिवार

आज पुटकुळ्यांबद्दल लिहायचं आहे, कारण खरा दिलासा मला तिथे मिळाला.

डोक्यात आधी हे बसलं होतं की पुटकुळी म्हणजे जंतू, आणि जंतू म्हणजे घासून धुणं. रोझेशियाची पुटकुळी तशी नसते. या त्वचेत कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात असतं आणि ते चुकीच्या पद्धतीनं तोडलं जातं. त्याचे तुकडे दाह पेटवतात आणि रक्तवाहिन्यांना चेतवतात. 2007 मध्ये संशोधकांनी हा दुवा दाखवला. म्हणजे त्वचेची स्वतःची संरक्षणयंत्रणाच गरजेपेक्षा जास्त तापट असते. घासून ती शांत कशी होणार?

दुसरी गोष्ट डेमोडेक्सची. केसांच्या मुळांशी राहणारे हे सूक्ष्म किडे जवळपास प्रत्येक प्रौढाच्या चेहऱ्यावर असतात, त्यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. रोझेशियाच्या त्वचेवर ते संख्येनं जास्त आढळतात. इथे आयव्हरमेक्टिनची 1 टक्का क्रीम उपयोगी पडते, दिवसातून एकदा, पातळ थर, डोळे आणि ओठ टाळून. ती किडे कमी करते आणि दाहही शमवते. मेट्रोनिडाझोल त्याहून जुनं, 0.75 किंवा 1 टक्क्याचं, आणि अजूनही कामाचं. ॲझेलेइक ॲसिडचं 15 टक्के जेल तिसरा पर्याय. सुरुवातीला ते चुरचुरतं, पण पुटकुळी गेल्यावर मागे राहणारे डाग त्यानं हलके होतात, म्हणून सावळ्या त्वचेच्या माणसानं डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं. गरोदरपणातही ते सहसा चालतं.

या सगळ्यांत अवघड भाग वाट पाहण्याचा. पहिल्या काही आठवड्यांत काहीच घडत नाही असं वाटतं आणि हात दुसऱ्या मलमाकडे वळतो. डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं, आठ ते बारा आठवडे जाऊ देत, त्याआधी औषध बदलायचं मनात आणू नका. मी रोज आरशात शोधणं सोडून आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढायला लागले. फोटोत फरक आधी दिसला, आरशात फार नंतर. डाव्या गालावर नाकालगत पुटकुळ्यांचा एक घोस कायम असायचा. एका फोटोत तिथे नुसती पुसट सावली होती. मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. इतका आनंद झाला!

पुटकुळ्या जास्त असतील तर पोटातून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. 40 मिलिग्रॅमची हळूहळू सुटणारी कॅप्सूल याच आजारासाठी आहे. या मात्रेत ते जंतू मारत नाही, फक्त दाह कमी करतं, त्यामुळे प्रतिजैविकाला जंतू सरावण्याची भीती कमी. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. उन्हाचा त्रास वाढू शकतो. गरोदरपणात चालत नाही. फारच हट्टी आजारात कमी मात्रेत आयसोट्रेटिनॉइन देतात, पण त्याचे नियम कडक आहेत आणि गर्भाला त्याचा मोठा धोका असतो, त्यामुळे ते पूर्णपणे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

सोमवार

मैत्रिणीचा फोन आला होता. तिला कुणीतरी स्टिरॉइड असलेलं मलम दिलं होतं. दोन दिवसांत चेहरा शांत झाला, म्हणून ती लावत राहिली. आता थांबवलं की चेहरा आधीपेक्षा जास्त भडकतो, आणि लावलं की शांत होतो. या फेऱ्यात अडकलेल्या माणसाला दोष देऊ नये, मलम खरंच काम करतंय असंच त्याला दिसत असतं. पण चेहऱ्यावर लांबलेलं स्टिरॉइड स्वतःच रोझेशियासारखा पुरळ उठवतं आणि त्वचा पातळ करतं. मी तिला म्हटलं, "अगं, आपल्या मनानं एकदम बंद करू नकोस. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना नाव वाचू दे." थांबवल्यानंतर उसळी येतेच, ती काही आठवडे चालते, आणि त्या काळात सोबत दुसरं औषध लागतं. ते आधी माहीत असलं तर माणूस घाबरून परत तीच ट्यूब उघडत नाही. चेहऱ्याला लावायच्या कुठल्याही मलमात काय मिसळलंय ते डबीवर वाचल्याशिवाय लावू नये, हे मी भेटेल त्याला सांगत असते.

तिचे डोळेही चुरचुरतात म्हणाली, वाळू गेल्यासारखे, आणि रांजणवाडी परत परत येते. हे मी उडवून लावू दिलं नाही. रोझेशिया डोळ्यांतही येतो, कधी चेहऱ्याच्याही आधी, आणि दुर्लक्ष केलं तर बुब्बुळाला इजा होऊ शकते. पापण्यांवर कोमट शेक आणि रोज पापण्यांच्या कडा हलक्या हातानं साफ करणं याचा उपयोग होतो, पण उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली तर नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जायचं.

गुरुवार

कारणांची वही आज चाळली. ऊन, उष्णता, मानसिक ताण, वारा, दारू, तिखट, खूप दमवणारा व्यायाम ही नेहमीची यादी सगळ्यांना दिली जाते. ती सगळी माझ्या अंगावर येत नाही. तिखटानं मला फारसं होत नाही. गरम पाण्याच्या आंघोळीनं हमखास होतं. म्हणून आपली वही आपणच लिहावी, नाहीतर माणूस धास्तीनं सगळंच सोडतो आणि जगणं आक्रसतं.

कॉफीचं उदाहरण मला यात सगळ्यात आवडतं. 1981 मध्ये केलेल्या एका प्रयोगात दिसलं की चेहरा लाल होतो तो पेयाच्या उष्णतेनं, कॅफिननं नाही. पुढे 2018 मध्ये 80,000 हून जास्त स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात तर कॅफिनची कॉफी जास्त पिणाऱ्यांत रोझेशियाचं प्रमाण कमी आढळलं. त्यावरून कॉफी औषध ठरत नाही, पण सोडायचीही गरज नाही. मी कप थोडा निवू देते आणि मग पिते.

उन्हाबाबत मात्र मी सूट देत नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, किमान 30 एसपीएफचं सनस्क्रीन, ढगाळ दिवशीसुद्धा. ही खनिजं सहसा झोंबत नाहीत. पांढरा थर दिसतो म्हणून मी रंग मिसळलेलं निवडलं.

रविवार

डॉक्टरांना लेझरबद्दल विचारायचं होतं, नाकाच्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी. त्या कुठल्याही क्रीमनं जात नाहीत, हे स्वीकारायला मला वेळ लागला. पल्स्ड डाय नावाच्या लेझरनं किंवा आयपीएलनं (तीव्र प्रकाशाच्या झोतांनी) त्या मिटवता येतात, पण सावळ्या त्वचेवर डाग राहण्याची शक्यता जास्त, त्यामुळे 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर तुलनेनं सुरक्षित मानतात. बैठका अनेक लागतात आणि काही वर्षांनी नव्या वाहिन्या दिसू शकतात. मी तूर्त थांबले आहे. मला त्यांचा त्रास होत नाही, आगीचा होतो.

चेहरा सध्या बराच शांत आहे आणि आता प्रश्न आहे क्रीम थांबवण्याचा. आयव्हरमेक्टिन आणि मेट्रोनिडाझोलनं स्वच्छ झालेल्या रुग्णांचं औषध थांबवून 36 आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं होतं. आजार परतायला लागलेल्या काळाचा मध्यक (निम्म्या लोकांना तोवर आजार परतलेला असतो तो काळ) आयव्हरमेक्टिनच्या गटात 115 दिवसांचा निघाला, मेट्रोनिडाझोलच्या गटात 85 दिवसांचा, आणि दोन्हीकडे साधारण दोन तृतीयांश लोकांना तो परतलाच. हे आकडे वाचून मला निराश वाटलं नाही. उलट स्पष्ट झालं की चेहरा छान दिसतोय तेवढ्यानं औषध बंद करायचं नसतं. पुढच्या भेटीत विचारणार आहे, क्रीम दिवसाआड केली तर चालेल का, आणि कमी करताना कोणती खूण दिसली की पुन्हा रोज सुरू करायची. हाताच्या उलट्या बाजूनं गाल पाहणं पुरेल का, तेही विचारायचं आहे.