किल्ली कुणाजवळ

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यांत ‘औषध’ हा शब्द जपून वापरावा लागतो. फवारणीच्या कीटकनाशकाला येथे औषधच म्हणतात, आणि ‘त्यानं औषध घेतलं’ या वाक्याचा अर्थ गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका रुग्णाच्या आईला मी सहज विचारले होते, ‘मुलगा औषध वेळेवर घेतो ना?’ त्या माउलीच्या चेहऱ्याचा रंग उडाला, तेव्हा आपण काय बोलून बसलो हे माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून मी ‘गोळी’ म्हणते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करताना असे पुष्कळ शिकले. पण ज्या दिवसाविषयी लिहीत आहे त्या दिवशी झालेली चूक शब्दाची नव्हती. ज्यांच्या घरची ही गोष्ट आहे त्या वहिनींना विचारूनच लिहीत आहे. नावे आणि गाव मात्र देत नाही.

२०२३ चा सप्टेंबर संपत आला होता. महालक्ष्म्या उठून दोनच दिवस झाले होते. त्या वर्षी सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला आणि शेंगा भरायच्या आधीच वावरेच्या वावरे पिवळी पडली. अशा दिवसांत आमचे फोन वाढतात. सोमवारी सकाळी एका गावच्या आशाताईंचा फोन आला. त्यांनी ना नैराश्य म्हटले, ना ताण. त्या म्हणाल्या, ‘ताई, यंदा भाऊ पोळ्यात झडत्या म्हनाले नाई.’

हे निदान मला कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा मोलाचे वाटते. तोरणाखाली बैल उभे राहिले की खणखणीत आवाजात झडत्या, म्हणजे चढाओढीने म्हणायच्या यमकांच्या ओळी, म्हणायच्या आणि समोरच्याला निरुत्तर करायचे, हा त्या माणसाचा वीस वर्षांचा मान होता. यंदा त्यांनी बैल दुसऱ्याच्या हाती पाठवले आणि स्वतः घरातच राहिले. गावात राहणाऱ्या माणसालाच अशी गोष्ट दिसते. ‘विश्राम’ नावाचा एक कार्यक्रम विदर्भातल्या ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या बळावर चालवला गेला होता. त्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे त्यात नोंदले आहे. आशाताईंसारखी माणसे पाहिली की हा आकडा मला नवलाचा वाटत नाही.

बाराच्या सुमारास मी पोहोचले. भाऊ ओसरीत खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. वहिनींनी पाणी दिले, चहा ठेवला आणि आमचे बोलणे सुरू होताच त्या आत निघून गेल्या. मी नऊ प्रश्नांची प्रश्नावली काढली. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, कशात मन न लागणे, अशा प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. भाऊंचे गुण चौदा भरले. नवव्या प्रश्नाला ते अडखळले, म्हणून कागद बाजूला ठेवून मी सरळ विचारले, ‘भाऊ, जीव द्यावा असं मनात येतं का?’

असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात घालून देऊ, ही भीती आशाताईंनाच काय, पुष्कळ डॉक्टरांनाही वाटते. ती खरी नाही. आडून विचारले की माणूसही आडून उत्तर देतो; सरळ विचारले की बहुतेकदा त्याचा श्वास मोकळा होतो. भाऊ म्हणाले, ‘येते. पन पोरीचं लगन बाकी आहे.’ त्यांनी काही ठरवलेले नव्हते, कशाची तयारी नव्हती आणि बोलायची इच्छा होती. तासाभरात पीककर्ज, पंचनामा, पोरीचे शिक्षण, रात्री दोनला उघडणारे डोळे, सगळे बाहेर आले. गुरुवारी ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येणार होते. तेथे यायला ते तयार झाले.

मग घरातल्या औषधाची व्यवस्था. संकटाची लाट बहुधा काही तासांची असते आणि तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचण्याची शक्यता वाढते, म्हणून हे काम आम्ही पहिल्याच भेटीत उरकतो. फवारणीचा पंप आणि उरलेल्या बाटल्या माजघरातल्या पलंगाखाली होत्या. त्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, पेटीला कुलूप लावले आणि किल्ली वहिनींच्या हाती देत मी म्हणाले, ‘आता ही जबाबदारी तुमची.’ काम चोख झाल्याचे समाधान मला होते, हेही कबूल केले पाहिजे.

वहिनी मला ताटीपर्यंत पोहोचवायला आल्या. पुढच्या गावी चारला जायचे होते, गाडीचा चालक घाई करत होता. त्या म्हणाल्या, ‘कुलूप लावा म्हनता ताई, पन किल्ली त माह्याच जवळ राह्यते ना.’

‘हो, तुमच्याच जवळ राहू द्या,’ असे म्हणून मी दोन पावले पुढे गेलेही होते. मग मागे वळून पाहिले. एव्हाना कुणीही किल्ली पदराच्या गाठीला बांधली असती किंवा कमरेला खोचली असती. त्यांनी ती उघड्या तळहातावर धरली होती आणि तो तळहात माझ्याकडे केला होता.

चालकाला गाडी बंद करायला सांगितली आणि आम्ही दोघी गोठ्यात ढेपेच्या पोत्यांवर जाऊन बसलो. भाऊंना विचारलेला प्रश्नच मी त्यांना विचारला. त्या रडल्या नाहीत. थोडा वेळ बैलाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बुधवारी हप्ता आहे.’

त्यांच्या नावावर मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बायकांच्या गटांना मिळणाऱ्या छोट्या कर्जांच्या, तीन गटांची कर्जे होती. पहिले मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी घेतलेले, दुसरे पहिल्याचे हप्ते भरण्यासाठी, तिसरे दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी. भाऊंना फक्त पहिले ठाऊक होते. अशा गटांत एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांना तो भरावा लागतो. त्यामुळे मागच्या बुधवारी वसुलीवाला दिवेलागणीनंतरही अंगणातून उठला नाही, हे दुःख होतेच. पण आपल्याच आळीतल्या बायका, ज्यांच्या बाळंतपणात रात्री जागवल्या त्या, दारात उभ्या राहून बोलल्या, हे त्यांना अधिक लागले होते. भाऊ झोपेनात तेव्हापासून घरात सगळे त्यांच्यावर डोळा ठेवून होते, आणि त्या डोळा ठेवणाऱ्यांत वहिनी सर्वांत पुढे होत्या. महालक्ष्म्यांचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक, पुरण, आंबील, काही चुकले नव्हते. ‘मी रडली त घर कोन पाहीन?’ त्यांनी विचारले. बुधवारचा हप्ता यायच्या आत काय करायचे, हे त्यांनी ठरवून ठेवले होते. आणि तासाभरापूर्वी मी त्यांच्या हातात किल्ली ठेवली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली तिचे सार तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडा. आशाताईंच्या प्रशिक्षणांत ती तीन क्रियापदे मी कितीदा शिकवली असतील! पहिल्याच क्रियापदाला मी नापास झाले होते, म्हणून दुसऱ्याला तरी वेळ द्यायचा असे ठरवले. पुढच्या गावाची भेट रद्द केली. चाळीस मिनिटे मी जवळजवळ काहीच बोलले नाही. ‘लेकरांकडे पाहा’, ‘धीर धरा’, ‘सगळं ठीक होईल’ ही वाक्ये अशा वेळी आपल्या तोंडात आयती येतात, आणि ती ऐकणाऱ्याला एवढेच कळवतात की समोरच्याला आता हे ऐकवत नाही.

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘पोलीस येतीन का?’ मी सांगितले की मनातले बोलणे हा गुन्हा नाही, आणि कुणी प्रयत्न केला तरी तो तीव्र ताणाखाली केला असे मानून त्याला शिक्षेऐवजी मदत द्यावी असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे ११५ वे कलम सांगते. दुसरा प्रश्न अवघड होता: ‘ह्याइले सांगनार नाई ना?’ येथे ‘नाही’ म्हणून वचन देणे फार सोपे असते. मी म्हणाले, ‘वहिनी, तुमची गोष्ट मी गावात कुणाला सांगणार नाही. पण जिवाचा प्रश्न असेल तर निदान एक माणूस सोबत हवंच. ते कोण, ते तुम्ही ठरवा.’ बराच वेळ विचार करून त्यांनी धाकट्या जावेचे नाव घेतले. नवऱ्याचे नाही, माहेरचेही नाही. या जावेशी वाटणीवरून दोन वर्षे बोलणे बंद होते, हे आशाताईंनी मला नंतर सांगितले.

जाऊबाई हात पुसत आल्या, सगळे ऐकले आणि एक अक्षर न बोलता माजघरात जाऊन ती पेटी उचलून स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. रात्री झोपायला त्या वहिनींच्या शेजारी येणार, हेही त्यांनी आपणच ठरवले. मी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून वहिनींना गुरुवारपर्यंत न थांबवता दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याचे निश्चित केले. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तेथेच बसून वहिनींच्या मोबाइलवरून लावला. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते, हे नुसते सांगून भागत नाही. रात्री अडीचला माणूस अनोळखी क्रमांक फिरवत नाही. पलीकडचा आवाज दिवसा एकदा ऐकलेला असला, तर फिरवतो.

सांजच्याला वहिनी स्वतःच म्हणाल्या की भाऊंनाही सांगून टाकू. मी समोर बसले होते. भाऊंनी सगळे ऐकले. तीन कर्जांवरून आवाज चढेल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘म्हंजे दोघंबी जागेच राहत होतो. मले वाटे, तू झोपली.’

पुढचे थोडक्यात सांगते. बुधवारच्या बैठकीला आशाताई आणि ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानाच्या महिला समूहातल्या एक ताई वहिनींच्या दोन बाजूंना बसल्या. मायक्रोफायनान्सविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत आणि धमकी वा शिवीगाळ चालत नाही, एवढे त्या दोघींनी पाठ केले होते. दोन कर्जांचे हप्ते लांबवून मिळाले. तिसरे तसेच राहिले. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर आमच्या भेटी, जावेची सोबत आणि भाऊंनी पहाटे करायला घेतलेला चहा, यांवर वहिनींनी दिवस काढले.

त्या घटनेनंतर मी आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात शेतीक्षेत्रातल्या आत्महत्या १०,८८१ आहेत, आणि ‘गृहिणी’ या रकान्यात २३ हजारांहून अधिक. वहिनी पेरणीपासून वेचणीपर्यंत वावरात राबतात. पण सातबारा भाऊंच्या नावावर आहे. बुधवारी काही घडले असते तर त्यांची नोंद कोणत्या रकान्यात झाली असती, हे सांगायला नको. आमचा कार्यक्रम, आमची प्रश्नावली आणि आमची सहानुभूती ही सगळी घरातल्या शेतकऱ्याला शोधत येते, आणि जिला आम्ही पाणी मागतो तिला राखणदार नेमून परत जातो.

कुलपाचेही तसेच. श्रीलंकेत १८० गावांत औषधासाठी घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन मोठी चाचणी केली गेली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा पेट्यांनी विषप्राशन कमी झाल्याचे दिसले नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर मात्र आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. पेटी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, अजूनही वापरते. पण आता घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकेकटे गाठून तोच सरळ प्रश्न विचारल्याशिवाय पेटी कुठे ठेवायची हे ठरवत नाही, आणि फवारणीला लागेल तेवढेच आणा, उरलेले घरात नको, असा आग्रह धरते. एका भेटीला त्यामुळे तिप्पट वेळ लागतो आणि महिन्याच्या अहवालात माझ्या भेटींची संख्या कमी दिसते. त्यावरून मला दोनदा लेखी खुलासा द्यावा लागला आहे.

डिसेंबरात पाठपुराव्याला गेले तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. ओसरीत वहिनींच्या सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना घरात काय घडून गेले ते कुणी सांगितले नव्हते. वहिनींनी डब्यातून पाकीट काढून माझ्यासमोर गोळ्या मोजल्या, तशी म्हातारी कान टवकारून म्हणाली, ‘कायचं औषध घेते वं हे?’

आम्ही तिघी, म्हणजे मी, आशाताई आणि जाऊबाई, एकमेकींकडे पाहू लागलो. वहिनींनी पाकीट परत डब्यात ठेवले.

‘औषध नोहे आत्याबाई, गोळ्या होत,’ त्या म्हणाल्या. ‘औषध त जाऊबाईच्या घरी आहे.’